खाऱ्या पाण्याच्या टाकीला कारंज्याचा किंवा कूलरचा स्वस्त पंप चालतो का?

तुम्ही विचारलंय की तीन फुटी मरीन टाकी लावताय, दुकानदार साडेचार हजारांचा पंप गळ्यात मारतोय, आणि कारंज्याचा पंप बाजारात साडेतीनशेला मिळतोय, तर तो का नको. "स्वस्तातलं घ्याल तर पस्तावाल" असं सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मला ते वाक्य सहन होत नाही. आमच्या घरात ते मी इतकी वर्षं ऐकतेय, आणि ज्या माणसाला उद्देशून ते म्हटलं जातं त्याची त्यात काहीही चूक नाही.

चालतो. कुठला चालतो ते पुढे सांगते.

माझ्या बाबांचं डोंबिवलीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. मिक्सर, पंखे, बोअरचे पंप, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. २०१५ साली मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय नव्याने उघडलं तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो होतो. दादा त्या ॲक्रिलिकच्या बोगद्याखालून हलेना. पुढच्याच वर्षी त्याने घरी तीन फुटी टाकी आणली. लाइट, लाइव्ह रॉक (समुद्रातले जिवाणू वस्तीला असलेले दगड), मीठ यातच त्याचे पैसे संपले, आणि संपमधून, म्हणजे टाकीखालच्या गाळणीच्या टाकीतून, पाणी वर चढवायला पंपच उरला नाही. बाबांनी दुकानातून कूलरचा १८ वॅटचा कोरा पंप आणून दिला. देताना म्हणाले, "हा गोड्या पाण्याचा आहे. खाऱ्यात याचा शाफ्ट, ही मधली दांडी, खाल्ला जाणार. महिन्याला उघडून बघत जा. लाल दिसला की फेकून द्या, मी दुसरा देतो." मी तिथेच उभी होते.

सात महिन्यांत तो पंप एकदाही उघडला गेला नाही. दादाने उघडला नाही आणि मीही नाही. पाणी पडत होतं, आम्हाला तेवढं पुरे होतं.

मग एका सकाळी गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत उताण्या पडलेल्या दिसल्या. दोन दिवसांनी क्लीनर श्रिंप, म्हणजे माशांना साफ करणारी कोळंबी, गेली. ॲनिमोन (समुद्रफूल) आक्रसून लिंबाएवढा झाला. क्लाउनफिशची जोडी मात्र नेहमीसारखी खायला वर येत होती. दादाने अमोनिया तपासला, शून्य. डेन्सिटी १.०२५, अगदी बरोबर. मी एक दगड सरळ करायला हात घातला आणि बोटावर जिथे विळीने कापलं होतं तिथे मुंग्या आल्या. बाबांना हाक मारली. त्यांनी टेस्टर पाण्याला टेकवला तर दिवा लागला. पाण्यात करंट उतरला होता. त्यांनी मेन स्विच पाडला आणि मगच पंप बाहेर काढला.

ओट्यावर पेपर पसरून त्यांनी तो उघडला. रोटर, म्हणजे आतला फिरणारा चुंबक, निघेना, पक्कड लावावी लागली. स्टीलचा शाफ्ट मधोमध झिजून उदबत्तीच्या काडीएवढा झाला होता, बोट लावलं की तपकिरी भुकटी हाताला यायची. तो वाकडा झाल्यामुळे रोटर एका बाजूला घासत होता. घासून घासून कॉइलवरच्या इपॉक्सीला केसाएवढी चीर गेली होती, आणि त्या चिरेच्या कडेला हिरवा थर. बाबांनी तो नखाने खरवडून मला दाखवला. "कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की काय होतं?" मी म्हटलं, कळकतं. "मग हे पाणी कळकलंय."

वाइंडिंगचं, म्हणजे कॉइलच्या तारेचं, तांबं पाण्यात उतरत होतं. शंख, श्रिंप, प्रवाळ, ॲनिमोन यांना अगदी थोडं तांबंही मारतं. मासे त्यातून बरेच तगतात, इतके की त्यांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचंच औषध देतात. म्हणून मासे खुशाल आणि गोगलगायी मेलेल्या दिसल्या, तर आधी टाकीत कुठे धातू उघडा पडलाय का ते शोधा.

तेव्हापासून दादाच्या तोंडी एकच, "बाबांच्या तीनशेच्या पंपाने टाकी घालवली." गणपतीत सगळे जमलो की पाहुण्यांसमोर हा विषय निघतोच, आणि बाबा काही न बोलता भात कालवत राहतात. मी दर वेळी सांगते आणि इथेही सांगते: महाग पंपही दोन-तीन महिन्यांनी उघडून साफ करावाच लागतो. पंपावर चुना चढतो, रोटरच्या चुंबकावरचं प्लॅस्टिक तडकलं तर चुंबक गंजून फुगतो आणि अडकतो. तो साडेचार हजारांचा असला तरीही. उघडायचं काम ज्यांच्यावर होतं त्यांनी ते केलं नाही.

आता तुमचं. दुकानातच रोटर ओढून बाहेर काढा, दोन मिनिटांचं काम आहे. शाफ्ट पांढरा, सिरॅमिकचा असेल तर घ्या. चकचकीत स्टीलचा असेल तर ठेवून द्या. लोहचुंबक लावून परीक्षा करू नका, चांगल्या स्टीललाही तो चिकटत नाही आणि ते स्टीलही मिठात खड्डे पडून जातं. बाहेरून दिसणारा एकही स्क्रू नको. आत तेल भरलेला तळ्याचा पंप तर अजिबात नको, सील गेलं की तेल थेट टाकीत. घरी आणल्यावर लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेल्या बादलीत महिनाभर अखंड चालवा आणि मग उघडून बघा. माझ्या आताच्या टाकीत असाच पारखून घेतलेला कारंज्याचा पंप तिसऱ्या वर्षात आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून दात घासायच्या ब्रशने साफ करते. बाबा शाफ्ट उजेडात धरून बघतात.

खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. ताशी ११०० लिटर लिहिलेलं असतं ते पाणी वर न चढवता. १.८५ मीटर चढवतो असं लिहिलं असेल तर त्या उंचीला धार शून्य होते, आणि मीटरभरावर साधारण निम्मंच पाणी मिळतं.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. पंप कुठलाही घ्या, टाकीच्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, अर्थिंग तपासा आणि वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं खारं पाणी प्लगमध्ये जात नाही. आमच्या त्या दिवशीचं मुंग्यांवर भागलं. शिवाय पंपाची गरमी पाण्यातच जाते. १५० लिटरला १८ वॅट म्हणजे उष्णता बाहेर पडलीच नाही तर तासाला सुमारे ०.१ अंश, ते डोंबिवलीच्या मे महिन्यात जड जातं. त्यात खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच गोड्यापेक्षा पाचव्या हिश्शाने कमी मावतो. त्यामुळे एकाच पंपावर टाकी ठेवू नका. दोन स्वस्त पंप दोन वेगळ्या प्लगवर लावा, एक अडकला तर दुसरा रात्र काढतो.

आणि प्रवाळ ठेवणार असाल तर टाकीतल्या प्रवाहासाठी वेव्हमेकर, म्हणजे पाणी रुंद झोताने ढवळणारा पंखा, वेगळा घ्या, तिथे कारंज्याच्या पंपाची बारीक धार कामाची नाही. नुसते मासे असतील तर आधी मीठ कालवायच्या पिंपात हा पंप वापरायला सुरुवात करा. घरात मोटारीचं काम जाणणारं कुणी असेल तर घेण्याआधी पंप त्यांच्या हातात द्या, आणि ते जे सांगतील ते भिंतीवर लिहून ठेवा.