'मूळ संख्या' की 'अविभाज्य संख्या'?

परभणीहून विचारणा आहे: "बातमीत 'सर्वात मोठी अविभाज्य संख्या सापडली, ती चार कोटींहून मोठी' असं छापलंय. शाळेत तर 'मूळ संख्या' शिकलो. बरोबर काय?"

शाळेतलंच. 'अविभाज्य' वाचून वाटतं, हिला भागताच येत नाही. ७ ला २ ने खुशाल भागा, ३.५ येतात. मुद्दा निःशेष भाग जाण्याचा आहे, तो मूळ संख्येला १ आणि ती स्वतः या दोघांनीच जातो. 'मूळ' हा शब्द उलट बाजूनं येतो: ६० चे अवयव पाडत गेलात की २ × २ × ३ × ५ पाशी थांबता, त्याखाली पायरीच नाही. मूळ अवयव, सहमूळ (१ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या संख्या), जोडमूळ (दोनच्या फरकानं येणाऱ्या मूळ संख्या) हे सगळं गणगोत याच शब्दाचं. 'सहअविभाज्य' म्हणून पाहा, जीभ अडखळेल. आपल्याकडच्या उर्दू शाळांत हिला 'मुफरद' म्हणतात आणि संयुक्त संख्येला 'मुरक्कब'. मुफरद म्हणजे एकटी, मुरक्कब म्हणजे मिळून झालेली. तिथंही भागाकाराचं नाव नाही.

'मूळ'ची एकच अडचण, वर्गमूळ. ३६ चं मूळ ६, म्हणून पोरं ६ ला मूळ संख्या ठरवून मोकळी होतात. आणि लिहिताना 'मू' दीर्घच. 'मुळात', 'मुळाशी' यांत तो ऱ्हस्व होतो, त्या सवयीनं 'मुळ संख्या' लिहिलं जातं.

बातमीतल्या खऱ्या चुका मात्र पुढंच आहेत. 'सर्वांत मोठी' (अनुस्वारासह) अशी मूळ संख्या नसतेच. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडची युक्ती अशी: माहीत असलेल्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा, १ मिळवा. त्यांपैकी कुणीही भागलं तरी बाकी १ उरते, म्हणजे यादीबाहेरची मूळ संख्या आहेच. उत्तर स्वतः मूळ असेलच असं मात्र नाही, इथं बरेच जण घसरतात. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३०,०३१, आणि ते ५९ × ५०९ आहे.

'चार कोटींहून मोठी' तर आठ अंकी संख्याही असते. बातमीतली संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. 'चार कोटींचा आकडा' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रक्कम येते, म्हणून 'चार कोटी अंकी' लिहावं. अंक मोजायला संख्या लिहून काढावी लागत नाही. घातांकाला २ च्या लॉगरिदमनं (१० चा कितवा घात २ होतो, त्या आकड्यानं) गुणा, अपूर्णांक सोडा, १ मिळवा. फक्त ०.३०१०३ घेऊ नका, एक अंक जास्त येतो. ०.३०१०२९९९५७ घ्या.

बातमी अशी हवी होती: 'आजवर माहीत असलेली सर्वांत मोठी, चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकी मूळ संख्या ल्यूक ड्युरंट यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली.'