फ्यूज बदलला, पुन्हा उडाला

प्रश्न : आमचा ३२ इंची एलईडी टीव्ही चार वर्षांचा आहे. मेच्या शेवटी एका संध्याकाळी गडगडाट सुरू झाला म्हणून मी रिमोटने टीव्ही बंद केला. थोड्या वेळाने लख्ख उजेड, लगोलग कानठळ्या बसवणारा आवाज, आणि घरातली वीज ट्रिप झाली. तेव्हापासून टीव्हीचा लाल दिवाही लागत नाही. मुलाने मागचं झाकण काढून फ्यूज बदलला. प्लग लावताच टप्प आवाज आला आणि तोही गेला. मेकॅनिक म्हणतो, बोर्ड गेला, नवीन घ्या. चतुर्थीला घर भरतं आमचं. काय करावं?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : ताई, आधी मुलाला सांगा, तिसरा फ्यूज लावू नकोस. पुढे कुठेतरी शॉर्ट आहे म्हणून फ्यूज उडतोय. तो सापडेपर्यंत डझनभर बदलले तरी तेच होणार. आणि तार किंवा चांदीचा कागद तर चुकूनही गुंडाळायचा नाही. असे दोन टीव्ही माझ्या टेबलावर येऊन गेलेत, दोन्हींचा बोर्ड कोळसा.

उडालेला फ्यूज फेकला नसेल तर उजेडात धरून बघा. आतली तार नुसती तुटली असेल तर मार हलका. काच आतून आरशासारखी काळी झाली असेल तर जोरदार शॉर्ट. टप्प आवाज आला म्हणता, त्यावरून काळीच असणार.

रिमोटने बंद केलेला टीव्ही खरा बंद नसतो. लाल दिवा जागा ठेवायला पॉवर सप्लाय चालूच असतो. तारेतून विजेचा झटका आला की पहिला फ्यूज, मग त्याच्या शेजारची निळी चकती, म्हणजे एमओव्ही. हिच्यावर बहुधा ४७१ छापलेलं असतं. जास्त व्होल्टेज आलं की ती स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवते, हेच तिचं काम. कधी फुटून तिचे दोन तुकडे होतात आणि भोवती काजळी बसते. पण काही टीव्हींत ती बसवलेलीच नसते, नुसती रिकामी भोकं! मग मार थेट ब्रिजच्या, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडवर आणि मॉसफेटवर, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या स्विचवर. मॉसफेट गेला की सहसा एकटा जात नाही. सोबत त्याचा एका ओहमहूनही कमी असलेला रेझिस्टर आणि त्याला चालवणारा आयसी घेऊन जातो. नुसता मॉसफेट बदलून चालू केला तर नवाही क्षणात जातो. हे तिन्ही एकदम बदलायचे. सुटे भाग महाग नसतात, वेळ जातो तो शोधण्यात.

मुलाला हौस असेल तर मेकॅनिकशेजारी बसून शिकू दे, एकट्याने नको. वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात. गंमत अशी की फ्यूज उडालेला बोर्ड त्या मानाने बरा, कारण शॉर्टमधून कपॅसिटर बऱ्याचदा रिकामा झालेला असतो, पण दरवेळी नाही. फ्यूज शाबूत आणि टीव्ही मात्र मेलेला, तो खरा घातकी. प्लग काढून बराच वेळ झाला तरी त्याचा कपॅसिटर भरलेला राहू शकतो. ९८ साली अशाच एका सेटने माझ्या हातातली पक्कड समोरच्या फळीवर पाठवली होती. तेव्हापासून होल्डरला दोन तारा जोडलेला ६० वॅटचा बल्ब हाताशी असतो. तो कपॅसिटरला लावला की चमकून विझतो, मगच बोट घालतो.

दुरुस्ती झाली की टीव्हीचा प्लग थेट भिंतीवरच्या बोर्डात खुपसायचा नाही. फ्यूजच्या जागी सिरीजमध्ये, म्हणजे सगळी वीज त्यातूनच जाईल असा, १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब जोडायचा. एलईडीचा चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भकभकीत पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे, पण निदान नवे पार्ट वाचले.

आता मेकॅनिकचं बोलणं. त्याला विचारा : कुठला बोर्ड? पॉवर सप्लाय वेगळा असेल तर करण्यासारखं काम आहे. पण हल्लीच्या बऱ्याच ३२ इंची सेटमध्ये सप्लाय आणि मेन, म्हणजे चित्र-आवाज सांभाळणारा भाग, एकाच बोर्डावर असतात, तेव्हा तो खोटं बोलत नसेलही. शिवाय वीज प्लगमधूनच येते असं नाही. खांबावरून आलेली केबल, डिशची वायर, सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय, या वाटेने आली तर मेन बोर्डाला पोळते. सप्लाय दुरुस्त करून १२ व्होल्ट मिळाले आणि मेन बोर्डच शॉर्ट निघाला तर पैसे पाण्यात. म्हणून दोन्ही तपासून मगच हिशेब सांग, असं त्याला आधीच बजावा. सप्लाय तेवढाच गेला असेल तर तुमचा टीव्ही चतुर्थीच्या खूप आधी भिंतीवर जाईल.

प्रश्न : लाल दिव्याची स्पाइक गार्ड पट्टी घेतली आहे. आता पावसात प्लग काढायची गरज नाही ना?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : आहे, साहेब. पट्टीतही तीच निळी चकती असते, आणि झटके खाऊन ती झिजते. बऱ्याच पट्ट्यांचा लाल दिवा फक्त वीज आहे एवढंच सांगतो, चकती जिवंत आहे का ते नाही. त्यात आपली जांभ्याची जमीन. मेमध्ये ठणठणीत कोरडी पडते, अर्थिंग तेव्हाच सगळ्यात कमकुवत, आणि गडगडाटही नेमका तेव्हाच. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतत जा. आणि ढग भरून आले की, गडगडाट डोक्यावर यायच्या आधीच, प्लगबरोबर केबलही काढा. नुसता प्लग काढून केबल तशीच ठेवलेले टीव्ही दरवर्षी जूनमध्ये माझ्याकडे येतात.