शुक्रवारच्या शर्यतीत जे/२४ वर पहिल्यांदा क्रू म्हणून जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बर्कलीतल्या एका सहकाऱ्याने शुक्रवार संध्याकाळच्या क्लब शर्यतीसाठी आपल्या जे/२४ वर क्रू म्हणून बोलावलंय, शिडाच्या होडीत तुम्ही आजवर नुसते बसून फिरलाय, आणि आपल्यामुळे होडी मागे पडू नये अशी धाकधूक आहे. जरूर जा. या २४ फुटी होडीवर बहुधा पाच जण असतात. नवख्याला पहिल्या दिवशी दोनच कामं मिळतात: वजन योग्य जागी नेणं आणि पुढच्या शिडाचा, म्हणजे जेनोआचा, दोर सांभाळणं. दोन्हींत ताकदीपेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं.

आधी कपडे. मुंबईच्या दमट हवेची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या आतल्या भागातली दरी तापते आणि समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या मुखाच्या, फटीतून आत खेचली जाते, म्हणून जुलैतही दुपारनंतर १५-२० नॉटचा पश्चिमी वारा आणि १२-१५ अंशांचं पाणी असतं. त्यात ओहोटी असली तर पाणी वाऱ्याच्या विरुद्ध बाहेर जातं, लाटा आखूड आणि उभ्या होतात आणि नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून, अंगावर येतात. जीन्स आणि सुती बनियन नको, भिजले की सुकत नाहीत. लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर पाणी न शिरणारं जाकीट, डाग न पाडणाऱ्या तळव्याचे बूट, बोटं उघडी असलेले हातमोजे. लाइफ जॅकेट धक्क्यावरच चढवा.

तासभर आधी पोचा आणि तुम्हाला हाताळायचा प्रत्येक दोर होडी बांधलेली असतानाच दाखवून घ्या. तो कुठून येतो, कुठे अडकवतात, कसा सोडतात हे प्रत्यक्ष हात लावून बघा. शर्यतीत 'शीट सोड' असं ऐकू आल्यावर हॅलयार्ड सुटला तर अख्खं शीड खाली येतं. शीट म्हणजे शीड आत ओढायचा दोर, हॅलयार्ड म्हणजे ते वर चढवायचा.

आता टॅक, म्हणजे नाळ वाऱ्यातून पलीकडे वळवणं. खरी कसोटी इथेच. नव्या बाजूच्या विंचवर (दोर गुंडाळून हँडलने ताणायचं फिरतं चाक) शीटचे दोनच वेढे आधी घालून ठेवा, घड्याळाच्या दिशेने, आणि ढील काढून घ्या. जुन्या बाजूची शीट सोडण्यापूर्वी तिचं टोक कुणाच्या पायाखाली नाही ना, हे बघा. सुकाणूवाला 'रेडी?' विचारेल. तयारी नसेल तर मोठ्याने 'नाही' म्हणा, त्यात कमीपणा नाही. होडी वळू लागली की नजर जेनोआच्या पुढच्या कडेवर ठेवा. ती कड आत दुमडू लागली की वेढे वरच्या दिशेने उचलून एका झटक्यात सगळे काढा. त्याआधी सोडलंत तर वेग जातो. उशीर झाला तर शीड उलटं भरतं, डोलकाठीच्या आडव्या दांड्याला घासतं आणि होडी बाजूला ढकलली जाते.

शीट सुटताच दुसऱ्या बाजूने हातावर हात टाकत भराभर ओढा. शिडाचं मागचं टोक डोलकाठीच्या तारा ओलांडून आलं आणि वारा अजून भरला नाही, तेवढ्या दोन-तीन सेकंदांत जे येईल ते फुकटात येतं. पुढे प्रत्येक इंच हँडलने कमवावा लागतो. भार जाणवला की तिसरा वेढा, मग हँडल. शेवटचं वीतभर अंतर लगेच ओढू नका. वळल्यावर होडी मंदावलेली असते, तिला वेग घेऊ द्या, मग घट्ट करा. मध्यम वाऱ्यात शिडाची मागची कड त्या आडव्या दांड्याच्या टोकापासून चार बोटं बाहेर राहिली की ठीक.

दोन वेढे म्हणतोय त्याला कारण आहे. ढिल्या दोरावर तीन-चार वेढे घालून ओढलंत की एक वेढा दुसऱ्यावर चढतो, भार आला की तो करकचून बसतो आणि शीट ना आत येते ना बाहेर जाते. तसं झालं तर बोटं घालून सोडवायला जाऊ नका, ताबडतोब ओरडून सांगा. सुकाणूवाला नाळ वाऱ्यात आणून भार काढेल, मग वेढा निघेल. हात विंचपासून नेहमी वीतभर लांब. शीट थोडीच ढिली करायची असेल तेव्हा तळहात वेढ्यांवर सपाट दाबून दोर हळूहळू सरकू द्या.

शिडावर दोन्ही अंगांना लोकरीचे दोरे चिकटवलेले असतात. वाऱ्याकडचा फडफडला तर शीट ओढा, पलीकडचा फडफडला तर सोडा. वाऱ्याच्या अगदी जवळून जाताना मात्र हे सुकाणूवाला वळवून साधतो, तेव्हा तुम्ही शीट खेळवत बसू नका.

टॅक संपला की लगेच होडीच्या वाऱ्याकडच्या, वर उचललेल्या कडेवर बसा, पाय बाहेर. झुकाव २० अंशांपुढे गेला की होडी पुढे जाण्याऐवजी बाजूला घसरते. वारा पडला तर उलट: खालच्या बाजूला, पुढे सरकून मांजरासारखे स्थिर बसा, म्हणजे शीड स्वतःच्या वजनाने आकार धरेल.

सुरुवातीचे इशारे बहुतेक ५, ४, १ आणि ० मिनिटांना असतात. घड्याळ तुमच्याकडे मागून घ्या आणि मोठ्याने मोजा. जेनोआ डेकपर्यंत खाली येतो, त्यामुळे सुकाणूवाल्याला पलीकडचं दिसत नाही. तिकडून येणाऱ्या होडीमागचा किनारा बघत राहा. तिच्या नाळेपुढचा किनारा झाकला जात असेल तर ती आपल्या पुढून जाईल, उघडा होत असेल तर आपण तिच्या पुढून जाऊ. काहीच बदलत नसेल तर टक्कर आहे, तेव्हा कुजबुजू नका. पोर्ट टॅकवरची (वारा डावीकडून घेणारी) होडी स्टारबोर्ड टॅकवरच्या (वारा उजवीकडून घेणाऱ्या) होडीला वाट देते, पहिल्या दिवशी एवढा नियम पुरे.

वाऱ्यासोबत जाताना वळण घेतलं की बूम, म्हणजे मुख्य शिडाच्या खालच्या कडेचा दांडा, डोक्याच्या उंचीवरून सपकन येतो. 'जाइब' शब्द ऐकला की आधी मान खाली, मग बाकी. स्पिनेकर, म्हणजे वाऱ्यासोबत जाताना लावायचं फुग्यासारखं मोठं शीड, उतरवताना तुम्हाला तो केबिनच्या दारात गोळा करायला सांगतील. कापड दोन्ही हातांनी कवेत ओढा आणि हॅलयार्ड सोडणाऱ्याला तुमच्या वेगाने सोडायला सांगा, नाहीतर शीड पाण्यात पडून जाळ्यासारखं भरतं आणि होडी जागीच थांबते.

धक्क्याला लागल्यावर निघून जाऊ नका. जेनोआ धक्क्यावर पसरून दोघांनी दोन टोकं धरायची आणि खालच्या कडेपासून दोन-दोन फुटांच्या उलटसुलट घड्या घालत वर जायचं, पुढची कड ताणून धरत. शिडातल्या खिडकीचं पारदर्शक प्लास्टिक घडीच्या रेषेत येऊ देऊ नका, तिथेच ते तडकतं.