ईसीएचएस आहे, मग खासगी विमा सोडू का?

प्रश्न : मी गोव्यातल्या डिचोलीचा. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त सुभेदार, वय ६१, पेन्शन महिना ४२ हजार. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड आहे, शिवाय दहा लाखांची जुनी फॅमिली फ्लोटर पॉलिसी, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच विमा. हप्ता ५४ हजार. पत्नीला मधुमेह, मुलगा २४ वर्षांचा. सरकारने ईसीएचएसचा निधी वाढवलाय, तर पॉलिसी बंद करून पैसे एफडीत टाकू का?

उत्तर : सुभेदारसाहेब, बंद करू नका. पण ५४ हजारही भरू नका.

निधी वाढला हे खरं. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात ६,९६८ कोटी होते, २०२५-२६ मध्ये ८,३१७ कोटी. मात्र ही रक्कम संसद दरवर्षी नव्याने मंजूर करते आणि तिच्यातूनच रुग्णालयांची बिलं भागतात. ती थकली की खासगी रुग्णालयं कॅशलेसला कां-कूं करतात.

खरी अडचण तातडीच्या वेळी येते. ईसीएचएसच्या पॅनेलवर नसलेल्या रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर ४८ तासांत ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं, बिल आधी आपण भरायचं, आणि परतावा सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या ठरलेल्या दराने. समजा बिल साडेतीन लाख, मंजूर झाले दोन. वरचे दीड लाख तुमचे, आणि ते दोन लाख हाती येईपर्यंत उसनवारी. बांबोळीला जीएमसीत, म्हणजे सरकारी रुग्णालयात गेलात तर एवढं जड जाणार नाही, पण रात्री दोन वाजता शेजारचा पोरगा गाडी कुठे वळवेल, काय सांगावं?

म्हणून नूतनीकरणाला विमा रक्कम पाच लाखांवर आणा. रक्कम उतरवली तरी मधुमेहासारख्या जुन्या आजाराला विमा लागू होण्याआधीची प्रतीक्षा पुन्हा सुरू होत नाही. सोडून नंतर नवी घ्यायला गेलात तर तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल, नाहीतर कंपनी सरळ नकार देईल. हप्त्यात वाचेल ते आणि पेन्शनमधून थोडं, असं दोन लाख होईपर्यंत बँकेत कधीही मोडता येईल असं ठेवा. पाच वर्षांची करबचत एफडी इथे कामाची नाही.

मुलाला फ्लोटरमधून काढा. ईसीएचएसमधलं त्याचं नाव पंचविशी भरली की, किंवा त्याआधी कमाई सुरू झाली की जाणारच. त्याच कंपनीकडे स्वतंत्र पॉलिसी करून प्रतीक्षेत मागची वर्षं धरून घ्यायला सांगा. आणि हप्त्याचा आकडा जुन्या पावतीवरचा असेल तर पुन्हा विचारा, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही.

सत्तरीला आयुष्मान कार्ड घ्या म्हणून कोणी मागे लागेल. तिथे पाच लाखांची मर्यादा आहे आणि ते किंवा ईसीएचएस, एकच निवडावं लागतं. ईसीएचएस सोडू नका.

पैशांआधी एक काम. पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश काढा आणि त्यातलं वहिनींचं नाव आधारशी ताडून पाहा. आपल्याकडे लग्नात पहिलं नावही बदलतात. एकात माहेरचं, दुसऱ्यात सासरचं निघालं तर तुम्ही हयात असतानाच दुरुस्तीला टाका. तुमच्या मागे कुटुंब पेन्शन आणि ईसीएचएस, दोन्ही त्यावरच अडतील.