उंचीला कारण समजू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

उंचावरच्या तळ्यांतल्या पाणवनस्पतींत जनुकीय फरक कशामुळे पडतो, यावरचा तुझा संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. विषय उत्तम निवडला आहेस, पण शीर्षकातच ‘उंचीचा परिणाम’ म्हटलंयस, ते मला खटकलं. झाडाला समुद्रसपाटी कळत नाही. त्याला कळतं पाण्याचं तापमान, खारटपणा, अतिनील किरणं आणि वर्षातून किती महिने डोक्यावर बर्फ असतो ते. चार हजार मीटरवरची दोन तळी या बाबतीत एकमेकांपासून फार वेगळी असू शकतात.

आता मुख्य अडचण. तिबेटच्या पठारावर आग्नेयेकडून वायव्येकडे जावं तसा पाऊस कमी होत जातो आणि कोरडेपणा वाढतो. म्हणजे अंतर वाढतं तसं पर्यावरणही बदलतं. अशा एका रेषेवर नमुने घेतलेस आणि टोकांच्या झाडांत जनुकीय फरक सापडला, तर तो कशामुळे म्हणशील? जनुकशास्त्रज्ञ सिवॉल राइटने १९४३ मध्ये मांडलेलं ‘अंतरामुळे येणारं विलगीकरण’ (झाडं जितकी दूर तितकी देवाणघेवाण कमी, म्हणून फरक जास्त) हे उत्तर तिथे बसेल आणि पर्यावरणाचंही बसेल. मँटेलची चाचणी, म्हणजे जनुकीय फरक आणि अंतर यांचं नातं तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी, तू लिहिली आहेसच, पण तिची ‘आंशिक’ आवृत्ती, म्हणजे तिसऱ्या गोष्टीचा परिणाम वगळून बघणारी, अशा वेळी नसलेलं नातं असल्यासारखं दाखवते, अशी टीका बरीच झाली आहे. एकात एक गुंतलेल्या गोष्टी संगणक नंतर सोडवून देईल, या भरवशावर राहू नकोस. जागा निवडतानाच त्या सोडवायला हव्यात. काही जोड्या जवळच्या पण वेगळ्या पाण्याच्या घे आणि काही दूरच्या पण सारख्या पाण्याच्या.

म्हणूनच लडाखमधलं त्सो कर खोरं तुझ्या यादीत नाही, याचं आश्चर्य वाटलं. २०२० मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. दक्षिणेला स्टार्टसापुक त्सो, गोड्या पाण्याचं. त्याला लागूनच उत्तरेला त्सो कर, अतिखारं. पठारावर शेकडो किलोमीटर गेल्यावर जो बदल दिसेल, तो इथे थोड्या अंतरात मिळतो. अतिखाऱ्या भागात काही उगवेल अशी आशा धरू नकोस. गोड्या पाण्यापासून सुरुवात कर आणि तुझी पोटॅमोजेटॉनच्या कुळातली पाणवनस्पती जिथवर टिकते तिथवर जा.

याच खोऱ्यात उतारांवर जुन्या काठांच्या रेघा दिसतात. एके काळी तिथे आजच्यापेक्षा खूप मोठं तळं होतं. तेव्हा आज दोन ठिकाणची झाडं सारखी निघाली, तर ती आजही बिया-परागांची देवाणघेवाण करतात असं लगेच म्हणता येणार नाही. कदाचित ती वेगळी होऊन फार काळ लोटला नसेल. हरितलवकातला डीएनए बहुतेक सपुष्प वनस्पतींत आईकडून येतो, म्हणून बियांचा जुना प्रवास तो जास्त चांगला सांगतो. केंद्रकातल्या मायक्रोसॅटेलाइट्समध्ये, म्हणजे डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांत, परागांचाही वाटा असतो. दोन्ही बघ.

अंतर कसं मोजणार, ते आराखड्यात कुठेच नाही. नकाशावर सरळ रेघ मारू नकोस. नदीत बी आणि तुटलेला तुकडा प्रवाहाबरोबर खाली जातो, वर येत नाही. त्यामुळे खालच्या अंगाला विविधता साठावी अशी अपेक्षा असते. ती दर वेळी खरी ठरत नाही, कारण पक्षी असतात. आपल्या जायकवाडीला हिवाळ्यात येणारे पट्टकादंब याच उंच तळ्यांच्या प्रदेशात वीण घालतात. पाणपक्ष्यांच्या पोटातून या वनस्पतींच्या बिया जिवंत बाहेर पडतात, हे प्रयोगांनी दाखवलं आहे. पण बहुतेक बिया काही तासांतच पडतात. म्हणून शेजारच्या तळ्यांसाठी पक्षी महत्त्वाचा मान, हजार किलोमीटरसाठी अपवाद.

नमुने गोळा करताना ही झाडं हरळीसारखी आडवी पसरतात, हे विसरू नकोस. एका ताटव्यातून तीस फांद्या आणल्यास तर कदाचित एकच झाड तीसदा आणलंस. अंतर ठेवून तोड आणि तरीही सारखे निघालेले जनुकप्रकार हिशेबातून वेगळे काढ. पानांवरचं शेवाळ आणि डायटम (सूक्ष्म शैवाल) नीट पुसून मगच टिपकागदावर पाणी टिप आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये टाक, नाहीतर डीएनए भलत्याचाच येतो. पाणवनस्पतीच्या पानात पाणी भरपूर, त्यामुळे जेल लवकर बदलावं लागतं. वन्यजीव विभागाची परवानगी आधी घे, ती मिळायला वेळ लागतो. नमुने परदेशी पाठवायचे असतील तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचीही घे.

शेवटचं, हवामानाचे तयार तक्ते हवेच्या तापमानाचे असतात, पाण्याच्या नव्हे. गोड्या तळ्यावर बर्फाचा थर असताना तळाशी पाणी चार अंशांच्या आसपास राहू शकतं आणि झाडाचे कंद तिथेच असतात. तापमान नोंदवणारी साधी यंत्रं पाण्यात सोडून हिवाळाभर राहू दे. पैसे कमी पडले तर ठिकाणं कमी कर, यंत्रं नको.

सुधारलेला नकाशा पाठव. प्रत्येक ठिकाणापुढे पाण्याची वाहकता लिहिलेली असू दे, तिच्यावरून खारटपणा कळतो.

तुझा,
सर