मजुरी मागायला लाजू नकोस

बाळा,

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात ईआरपीनेक्स्ट हे मालाचा आणि पैशांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर बसवायला तू तीन आठवडे राबलास आणि शेवटी मालक म्हणाले, "सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणतोस, मग पैसे कशाचे?" तू काही न बोलता परत आलास, हे ऐकल्यापासून मला चैन नाही.

अरे, सोलापुरात या प्रश्नाचं उत्तर गल्लीगल्लीत मिळतं. सूत व्यापाऱ्याचं, विणणाऱ्याची मजुरी. सूत तुझं नाही म्हणून कुणी मजुरी बुडवतं का? ईआरपीनेक्स्ट तुझं नाही, खरंच. पण एकच टॉवेल नग, डझन आणि किलो अशा तिन्ही हिशेबांत बसवायला दिवाणजींशेजारी ज्या संध्याकाळी घालवल्यास, त्या तुझ्याच.

परवान्याची भीती तर मनातून काढूनच टाक. ईआरपीनेक्स्टला जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याची तिसरी आवृत्ती लागू आहे, २००७ सालची. प्रत देताना हवी ती किंमत घ्या किंवा घेऊ नका, देखभालीचे आणि हमीचे पैसे घ्या, असं त्यात सरळ लिहिलंय. हा परवाना ज्यांनी आणला ते रिचर्ड स्टॉलमन स्वतः १९८५मध्ये ईमॅक्स या आपल्या मुक्त एडिटरची टेप १५० डॉलर घेऊन पाठवत. इंग्रजीतल्या 'फ्री'मुळे घोळ होतो. आपल्याकडे मुक्त वेगळं, फुकट वेगळं. मालकांसमोर 'मुक्त' म्हण. मात्र ते आपणच बनवलं असं कधी भासवू नकोस. उद्या त्यांना दुसऱ्या कुणाकडून काम करून घ्यावंसं वाटलं, तर सगळं त्यांच्या हातात दे. तो त्यांचा हक्क आहे.

मी स्वतः यात पोळलोय. एका ओळखीच्या गिऱ्हाइकाला लिनक्सचा सर्व्हर बसवून दिला. पैसे घेतले नाहीत, लेखी काही केलं नाही. ऐन दिवाळीच्या हंगामात डिस्क गेली. बॅकअप कुणी बघायचा, हे कधी ठरलंच नव्हतं. दोन वर्षांचा हिशेब गेला. देखभालीचे पैसे घेतले असते, तर दर महिन्याला जाऊन बॅकअप उघडून पाहिला असता. माझ्या भिडस्तपणाची किंमत त्या माणसाने मोजली. ते अजून सलतं.

आता कोटेशन नव्याने लिही. पहिली ओळ: सॉफ्टवेअर परवाना, शून्य रुपये. त्याखाली बसवणी, टॅलीतला जुना हिशेब आणणं, माणसांना शिकवणं, आणि प्रत्येकासमोर आकडा. वार्षिक देखभाल वेगळ्या कागदावर: महिन्याला किती तास, फोन किती वाजेपर्यंत घेणार, बॅकअप परत उतरवून कधी तपासणार. पुढच्या कामाचे निम्मे पैसे आगाऊ. घासाघीस झाली तर एखादं काम कमी कर, दराला हात लावू नकोस. आणि किलो-डझनच्या रूपांतरातली जी चूक तू दुरुस्त केलीस, ती मूळ प्रकल्पाला पाठवून दे. त्यांचंच सूत आपण विणतोय.

मालकांकडे जाताना दिवाणजींना बरोबर घे. महिनाअखेरीला ते आता किती वाजता घरी जातात, ते त्यांनाच सांगू दे. शनिवारी दुपारनंतर मी मोकळा आहे, कच्चा कागद घेऊन ये. आकडे मिळून घालू.

तुझा,
काका