सही कुणाची, कधी आणि कशावर?

प्रश्न : आईच्या (वय 58) पित्ताशयात खडे झालेत. नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात दाखल करताना काऊंटरवर माझ्याकडून चार-पाच कागदांवर सह्या घेतल्या. एकावर ऑपरेशनच्या नावाची जागा कोरी होती. आईला कुणी काही विचारलं नाही. ही संमती धरली जाते का? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : नाही. आई सज्ञान आहेत, शुद्धीवर आहेत, बोललेलं त्यांना कळतं. मग सही त्यांचीच हवी. मुलाने साक्षीदार म्हणून खाली सही करावी, आईच्या जागी नव्हे. 'डॉक्टरांना योग्य वाटेल ती शस्त्रक्रिया करावी' अशा छापील ओळीवर किंवा कोऱ्या जागेखाली घेतलेली सही रुग्णालयाच्याही कामाची नसते.

2008 साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात हे स्पष्ट केलं. रुग्ण महिलेने फक्त दुर्बिणीने तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. रुग्ण तात्पुरती बेशुद्ध होती, जिवाला धोका नव्हता, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. म्हणून आईची संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही.

सहीपूर्वी काय करणार, कशासाठी, महत्त्वाचे धोके कोणते, दुसरे पर्याय काय आणि ऑपरेशन न केल्यास काय होईल, हे कळायला हवं. अगदी दुर्मीळ धोक्यांची जंत्री वाचून दाखवावी अशी न्यायालयाची अपेक्षा नाही. तुमच्या आईच्या बाबतीत बोलायचं तर : साधारण चार छिद्रं पाडून पित्ताशय काढतात, आत चिकटलेलं असलं किंवा रक्तस्राव झाला तर पोट उघडावं लागतं. पित्तनलिकेला इजा क्वचित होते, पण झाली तर पुन्हा मोठी शस्त्रक्रिया लागू शकते. खडे त्रास देत नसतील तर लक्ष ठेवून थांबणं हाही बऱ्याचदा पर्याय असतो. वारंवार दुखत असेल आणि तरीही थांबलात, तर पित्ताशयाला सूज, कावीळ, स्वादुपिंडाचा दाह अशी दुखणी मागे लागू शकतात. हे सगळं ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच सांगावं. 'सिस्टर समजावतील' हे चालवून घेऊ नका.

भुलीची संमती वेगळी, आणि ती भूलतज्ज्ञाने घ्यायची. बीपी, शुगर, हलणारे दात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आधीच्या भुलीचा अनुभव ही चौकशी तेव्हाच होते. रक्त चढवण्याचीही संमती वेगळी घेतात. एचआयव्ही चाचणीलाही 2017 च्या कायद्याने माहिती देऊन संमती घ्यावी लागते. इतर रक्त तपासण्यांच्या गर्दीत ती हमखास विसरली जाते. आणि सर्व सह्या गुंगीचं इंजेक्शन देण्याआधी. ऑपरेशन थिएटरच्या दारात स्ट्रेचरवर घेतलेली सही पुढे टिकवणं अवघड जातं.

कागद रुग्णाला कळणाऱ्या भाषेत हवा. सुरगाणा-पेठकडच्या, कोकणा आदिवासींची कोकणी बोली बोलणाऱ्या आजीला पुस्तकी मराठीतलं 'संभाव्य गुंतागुंत' कळत नाही, इंग्रजी फॉर्म तर सोडाच. दुभाष्या लागला तर त्याचं नाव कागदावर लिहून सही घ्यावी. अंगठा असेल तर कोणत्या हाताचा ते लिहावं. साक्षीदार रुग्णालयाचा कर्मचारी नसलेला बरा. सही झाल्यावरही भूल देईपर्यंत आई नकार देऊ शकतात.

प्रश्न : नाशिकरोडला आमचं लहान रुग्णालय आहे. अपेंडिक्ससाठी पोट उघडलं आणि आत वेगळंच काही सापडलं तर? – एक डॉक्टर

उत्तर : गर्भनलिका फुटून रक्तस्राव चालू असेल तर थांबू नका, करा आणि कारण वेळेसह नोंदवा. बीजकोशावर गाठ दिसली, पण आज तिच्यामुळे धोका नाही, तर ठरलेलं काम संपवा आणि रुग्ण शुद्धीवर आल्यावर बोला. 'पुन्हा भूल द्यावी लागेल' ही सोय झाली, संमती नव्हे. ज्या शक्यता आधीच डोळ्यांपुढे आहेत त्या मात्र फॉर्मवर नावानिशी लिहाव्यात. तपासणी आणि त्यात सापडेल त्यावरचा उपचार यांची एकत्र संमती घ्यायला न्यायालयाची हरकत नाही.

चाळीस धोक्यांच्या छापील यादीपेक्षा हाताने लिहिलेल्या दोन ओळी जास्त मोलाच्या : 'शुगर वाढलेली आहे, जखम चिघळण्याचा धोका जास्त, रुग्णाला सांगितलं.' बाजू 'उजवी' किंवा 'डावी' अशी अक्षरात लिहा. बाहेरचा सर्जन बोलावणार असाल तर त्याचं नाव लिहा. खाडाखोड झाली तर तिथे सही. तारखेबरोबर वेळ टाका. न्यायालयात पहिला प्रश्न बहुधा तिच्यावरच येतो. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने नोंदी मागितल्या तर 72 तासांत द्याव्या लागतात.

प्रश्न : गर्भाशय काढायला नवऱ्याची सही लागतेच का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : मूल होण्याची क्षमता जाईल अशा शस्त्रक्रियेला पती-पत्नी दोघांची संमती घ्यावी, असं 2002 चे नियम म्हणतात. नवऱ्याची सही तुमच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. कायदेशीर गर्भपातासाठी मात्र 18 वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरते (मनोरुग्ण असल्यास पालकाची लागते). तरी नवऱ्याला बोलावून आणायला सांगितलं जातं, याला कायद्याचा आधार नाही.

प्रश्न : मुंबई-आग्रा महामार्गावर अपघात झाला, रुग्ण बेशुद्ध, नातेवाईक नाहीत. मग? – एक वाचक, ओझर

उत्तर : जीव वाचवण्यापुरता उपचार संमतीविना करता येतो, भारतीय न्याय संहितेच्या कलम 30 चं संरक्षण त्याला आहे. दोन डॉक्टरांनी निकड लिहून सह्या कराव्यात, ही चांगली रीत. मिळेल ते करून घ्यायची मुभा यात नाही : प्लीहा (पोटातली पाणथरी) फुटली असेल तर ती काढा, मनगटाच्या हाडाला धातूची पट्टी दोन दिवसांनी, त्याला विचारून बसवता येते.